एका दाण्याने काय होते? – विरोधाभासांची ओळख

विद्यार्थी मित्रांनो, पालक आणि विश्वस्त मंडळी,


मागच्या सत्रात गणिताचे सर रजेवर होते, म्हणून नववीचा एक तास मी घेतला. निघताना मुलांना सांगितले, "पुढच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार यांपैकी एका दिवशी तुमची चाचणी होईल. ती कोणत्या दिवशी आहे हे त्या दिवशी सकाळपर्यंत तुम्हाला कळणार नाही."

एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मग ही चाचणी होऊच शकत नाही. शनिवारी ठेवली तर शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्हाला कळेलच, कारण एकच दिवस उरेल. म्हणजे शनिवार बाद. आता शेवटचा दिवस शुक्रवार. पण गुरुवारपर्यंत झाली नाही तर शुक्रवारीच होणार हेही कळेल. म्हणजे शुक्रवारही बाद. असेच गुरुवार, बुधवार, मंगळवार, सोमवार, सगळे बाद!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी काही बोलले नाही. बुधवारी तिसऱ्या तासाला प्रश्नपत्रिका वाटल्या, तेव्हा सगळ्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली होती. चाचणी त्या दिवशी असेल असे एकालाही वाटले नव्हते. माझे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

पेपर परत करताना ती मुलगी माझ्याकडे आली. तिने गुणांबद्दल काही विचारले नाही. एवढेच विचारले, "मॅडम, मी चुकले कुठे?"

हा प्रश्न मला फार आवडला. त्याचे उत्तर उभ्याउभ्या देता येण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

विरोधाभास म्हणजे काय?

विरोधाभास हा शब्द तुम्ही मराठी व्याकरणात अलंकारांच्या धड्यात वाचला आहे. तेथे वाक्यात वरवर विरोध दिसतो, पण अर्थ लक्षात आला की तो नाहीसा होतो. तर्कशास्त्रातला विरोधाभास, ज्याला इंग्रजीत पॅराडॉक्स म्हणतात, तो इतक्या सहज सुटत नाही. त्यात सुरुवातीला धरलेल्या गोष्टी आपल्याला पटतात. एकेक पायरीही पटते. शेवटी हाती येतो तो निष्कर्ष मात्र पटत नाही.

असे झाले की तीनच वाटा असतात. सुरुवातीला धरलेली एखादी गोष्ट चुकीची असेल, मधली एखादी पायरी चुकीची असेल, किंवा निष्कर्ष विचित्र वाटत असला तरी खरा असेल. चौथी वाट नाही. "छे, काहीतरीच!" असे म्हणून उठून जाणे हे उत्तर नव्हे. तर्काची तीच खरी कसोटी असते.

तिसऱ्या वाटेचे उदाहरण वर्गातच सापडते. एका वर्गात २३ मुले असतील तर त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतील, अगदी कमी. वर्षाचे दिवस ३६५ आणि मुले फक्त २३. प्रत्यक्षात ही शक्यता निम्म्याहून किंचित अधिक आहे. कारण येथे मुले मोजायची नसून जोड्या मोजायच्या आहेत, आणि २३ मुलांच्या २५३ जोड्या होतात. मुले ५० असतील तर शक्यता ९७ टक्क्यांवर जाते. हजेरीपट घेऊन हा प्रयोग अवश्य करून पाहा. येथे तर्क बरोबर होता, आपला अंदाज चुकला होता.

कासव आणि अकिलीज

दुसऱ्या वाटेचे सर्वांत जुने उदाहरण झेनो या ग्रीक विचारवंताचे. तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात दक्षिण इटलीतल्या एलिया या नगरात राहत होता. त्याचे स्वतःचे लेखन आज उपलब्ध नाही. त्याचे युक्तिवाद आपल्याला मुख्यतः ॲरिस्टॉटलने दिलेल्या माहितीवरून कळतात.

अकिलीज हा ग्रीक कथांतला वेगवान वीर. त्याची शर्यत कासवाशी आहे. तो कासवाच्या दहापट वेगाने धावतो, म्हणून कासवाला १०० मीटर पुढे उभे केले. अकिलीज ते १०० मीटर कापेपर्यंत कासव १० मीटर पुढे गेले. ते १० मीटर कापेपर्यंत १ मीटर, तो कापेपर्यंत १० सेंटीमीटर. अकिलीज पोहोचावा आणि कासव थोडे पुढे सरकलेले असावे, असे अनंत वेळा होणार. म्हणजे तो कासवाला कधीच गाठू शकत नाही!

मैदानावर हे खोटे ठरते हे पहिलीचे मूलही सांगेल. पण चूक नेमकी कोठे आहे हे सांगायला फार काळ लागला. पायऱ्यांच्या आड एक न बोललेली गोष्ट लपलेली होती: अनंत तुकड्यांची बेरीज केली तर ती अनंतच भरते. आपण हे गृहीत धरले, पण ते कोणी सिद्ध केले नव्हते. येथे १०० + १० + १ + ०.१ असे जोडत गेलो तर बेरीज १११ मीटरच्या थोडी पुढे, बरोबर १११ पूर्णांक एक नवमांश मीटरवर जाऊन टेकते. तेथेच अकिलीज कासवाला गाठतो. भूमिती श्रेणीचे सूत्र शिकलेल्या मुलांनी हे वहीत पडताळून पाहावे. अशा बेरजांना पक्का पाया मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, कोशी आदी गणितज्ञांनी सीमा या संकल्पनेची काटेकोर व्याख्या केल्यावर. झेनोपासून दोन हजारांहून अधिक वर्षे झाली होती. अनंत पायऱ्या "पूर्ण करणे" म्हणजे नेमके काय, यावर तत्त्वज्ञ अजूनही वाद घालतात.

गावचा न्हावी

आता पहिली वाट. एका गावात एकच न्हावी आहे. जे पुरुष स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सर्वांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी तो करतो. मग न्हाव्याची दाढी कोण करतो? तो स्वतः करत असेल, तर नियमाप्रमाणे त्याने ती करायला नको. करत नसेल, तर नियमाप्रमाणे त्यानेच करायला हवी. दोन्हीकडून अडचण.

याचे उत्तर सोपे आहे. असा न्हावी असूच शकत नाही. "असा एक न्हावी आहे" ही सुरुवातीची गोष्टच खोटी. वर्णन करता आले म्हणजे ती वस्तू जगात असलीच पाहिजे असे नाही.

एवढ्या छोट्या गोष्टीने केवढी उलथापालथ झाली ते पाहा. गोटलोब फ्रेगे हे जर्मन गणितज्ञ सगळे अंकगणित तर्कशास्त्राच्या पायावर उभे करण्यासाठी अनेक वर्षे झटत होते. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापायला गेला असताना, जून १९०२ मध्ये त्यांना बर्ट्रांड रसेल या तरुण इंग्रज विचारवंताचे पत्र आले. रसेल यांना १९०१ साली असे आढळले होते की, जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सर्व संचांचा एक संच मानला, तर न्हाव्यासारखीच अडचण उभी राहते. न्हावी नाही असे म्हणून सुटता येते, पण फ्रेगे यांच्या पद्धतीत असा संच मानावाच लागत होता. फ्रेगे यांनी पत्र दडवले नाही. १९०३ मध्ये निघालेल्या त्या खंडाला त्यांनी परिशिष्ट जोडले आणि आपल्या पायातला दोष स्वतःच जगापुढे मांडला. आयुष्याच्या कामाला धक्का देणारी गोष्ट इतक्या प्रामाणिकपणे मान्य करणे सोपे नाही. विद्यार्थ्यांनी फ्रेगे यांचे गणित विसरले तरी चालेल, पण ही गोष्ट लक्षात ठेवावी.

याच कुळातले आणखी जुने वाक्य म्हणजे "मी आत्ता बोलतो आहे ते खोटे आहे." खरे मानले तर खोटे होते, खोटे मानले तर खरे होते. ग्रीसमध्ये हे कोडे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युबुलिडीसच्या नावावर आहे. आपल्याकडे थोर व्याकरणकार भर्तृहरी यांनी 'वाक्यपदीय' या ग्रंथात, आपले सारे बोलणे खोटे आहे असे म्हणणाऱ्याच्या वाक्याचा विचार केला आहे. म्हणजे ही कोडी केवळ पश्चिमेची नाहीत. १९३१ साली कुर्ट गोडेल यांनी याच वाक्याचा धागा पकडून "हे विधान या पद्धतीत सिद्ध करता येत नाही" अशा अर्थाचे गणिती विधान रचले आणि गणितातल्या सिद्धतेला मर्यादा आहेत हे दाखवले. पुढे १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी सिद्ध केले की, कोणताही संगणकीय प्रोग्रॅम कधी तरी थांबेल की चालतच राहील हे नेहमी अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. आजच्या संगणकशास्त्रात हा पायाभूत सिद्धांत आहे, आणि त्याचे मूळ एका खोटे बोलणाऱ्याच्या वाक्यात आहे.

धान्याची रास

आता जो विरोधाभास मला सर्वांत जवळचा वाटतो त्याकडे येते. तोही युबुलिडीसच्याच नावावर आहे. मी बी.ए.ला तर्कशास्त्र हिंदीतून शिकले. तेथे त्याला ढेर म्हटले होते. घरी आजी मात्र खळ्यावरच्या धान्याला रास म्हणत असे. मला तोच शब्द आवडतो.

मंडीत माळव्याच्या गव्हाची मोठी रास आहे. तिच्यातून एक दाणा उचलला. रास राहिली ना? राहिली. एका दाण्याने काय होते? आणखी एक उचलला. तरीही रासच. "राशीतून एक दाणा काढला तर उरते ती रासच असते" हे कोणीही मान्य करील. मग हाच नियम पुन्हा पुन्हा लावा. लाखो दाणे गेले, शेवटी एक दाणा उरला. नियमाप्रमाणे तीही रासच! आणि तोही उचलला तर रिकाम्या जमिनीला रास म्हणावे लागेल.

येथे चूक कोठे आहे? खरे सांगायचे तर आजही यावर एकमत नाही. काही तत्त्वज्ञ म्हणतात, रास आणि रास नसणे यांत कोठे तरी नेमकी सीमा असतेच, फक्त ती आपल्याला कळू शकत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात हे मत जोरदारपणे मांडले. दुसरे म्हणतात, "खरे" आणि "खोटे" यांच्या मध्ये पायऱ्या मानाव्यात. रास हळूहळू कमी कमी "रास" होत जाते. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये अशा अस्पष्ट सीमांच्या संचांचे गणित मांडले. त्या गणितावर चालणारी भुयारी रेल्वे जपानमधल्या सेंदाई शहरात १९८७ साली सुरू झाली, आणि कपडे धुण्याच्या यंत्रांतही ते वापरले गेले.

वाद काहीही असो, दोन गोष्टी निश्चित आहेत. एक, नेमकी सीमा दाखवता येत नाही म्हणून रास आणि रिकामी जमीन यांत फरकच नाही असे होत नाही. पहाट नेमकी कोणत्या क्षणी होते ते सांगता येत नाही, पण दिवस आणि रात्र वेगळे आहेतच. दोन, जेथे निसर्ग सीमा आखत नाही तेथे ती माणसांना आखावी लागते, आणि आधी आखावी लागते. मतदानाचे वय हे याचे चांगले उदाहरण. १९८९ साली ते २१ वरून १८ वर आणले गेले. वाढदिवसाच्या आदल्या रात्री मुलगा अजाण असतो आणि सकाळी उठल्यावर एकदम जाणता होतो असे नाही. पण कोठे तरी रेघ हवी, म्हणून सर्वांच्या वतीने संसदेने ती आखली.

निकालाच्या दिवशी माझ्या खोलीत हाच विरोधाभास खुर्चीवर येऊन बसतो. "मॅडम, ३३ ला पास, मुलाला ३२ आहेत. एका नंबरानं काय होतं?" पालकांचे म्हणणे खोटे नसते. ३२ आणि ३३ गुणांच्या मुलांच्या ज्ञानात फारसा फरक नसतोच. पण तोच न्याय लावला तर ३१ वाल्याने काय केले, ३० वाल्याने काय केले? खाली उतरत उतरत आपण शून्यावर पोहोचू. म्हणून कृपांक द्यायचेच तर त्याचा नियम परीक्षेआधी ठरलेला असावा. समोर बसलेल्या माणसाकडे पाहून रेघ हलवू नये.

आणि आपली रास

आता जे सांगायचे आहे ते पालक आणि विश्वस्तांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे ही विनंती.

या सत्रात आपल्या मुलाला मराठीऐवजी दुसरा विषय मिळावा म्हणून माझ्याकडे तीन अर्ज आले. तिन्ही पालक सज्जन आहेत आणि त्यांची कारणे खरी आहेत. कोणाला पुढच्या प्रवेश परीक्षेची काळजी आहे, कोणाच्या घरी मराठी बोलायला आजी-आजोबा राहिले नाहीत. प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली, "मॅडम, एका मुलानं मराठीच्या वर्गाला काय फरक पडतो?"

हे वाक्य प्रत्येक वेळी खरे असते. एका मुलाने मराठीचा वर्ग बंद पडत नाही. पण राशीचे दाणेही एकेकच जातात, आणि ज्या दाण्याने रास मोडली तो दाणा शोधू गेले तर कधीच सापडत नाही. उद्या वर्गात चारच बाके भरलेली दिसली तर आपण सगळे हळहळू, आणि कोणावरही बोट ठेवता येणार नाही. प्रत्येक पायरी पटणारी आणि शेवट न पटणारा, अशी ही विरोधाभासाची व्याख्या आपण आपल्याच शाळेत घडवून आणू.

मी कोणाचा अर्ज अडवून ठेवलेला नाही, आणि मुलांवर भाषेची सक्ती करावी असेही म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, हा प्रश्न एकेका अर्जावर सुटणारा नाही. विश्वस्त मंडळाने पुढच्या बैठकीत पालकांना बोलावून रेघ आधी आखावी. किती मुले असेपर्यंत मराठीचा स्वतंत्र वर्ग चालवायचा, त्याहून कमी झाली तर दोन इयत्ता एकत्र बसवायच्या का, आणि कोणत्याही परिस्थितीत तास बंद करायचा नाही असे ठरवायचे का? संख्या कोणती असावी याबद्दल मतभेद होतील. होऊ द्यावेत. रासेचा नेमका आकडा तत्त्वज्ञांनाही सांगता आलेला नाही, पण आकडा न ठरवणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो कोणी न घेता होऊन जातो.

याच तर्काची दुसरी बाजूही सांगते. जमिनीवर एक दाणा ठेवला तर रास होत नाही. आणखी एक ठेवला तरी होत नाही. एका दाण्याने रास कधीच होत नाही, म्हणून तर्काने पाहिले तर रास कधी तयारच होऊ शकत नाही. तरीही मंडीतली प्रत्येक रास दाण्यादाण्यानेच झालेली असते. "माझ्या एका मुलाने मराठी घेतली तर काय होणार?" असे वाटणाऱ्या पालकांनी हे मनात ठेवावे.

तिच्या प्रश्नाचे उत्तर

आता नववीतल्या त्या मुलीकडे. बेटा, तू माझे वाक्य आधी पूर्ण खरे धरलेस, त्याच्या आधारावर एकेक दिवस बाद केलास, आणि शेवटी तेच वाक्य खोटे ठरवलेस. "चाचणी होणारच नाही" असे एकदा मनाशी पक्के केल्यावर मग ती कोणत्याही दिवशी आली तरी अनपेक्षितच ठरणार होती, अगदी शनिवारीसुद्धा. एखादी गोष्ट खरी असणे आणि ती खरी आहे हे आपल्याला माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९५३ मध्ये साधारण याच दिशेने उत्तर दिले. पण ते सर्वांना पटलेले नाही. हे कोडे १९४८ मध्ये 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात चर्चेला आले, तेव्हापासून त्यावर लेख निघतच आहेत. म्हणजे तू अशा ठिकाणी चुकलीस जेथे मोठमोठे विद्वान अजून वाद घालत आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

टाळ्या मिळाल्यावर बहुतेक जण थांबतात. तू चाचणी झाल्यावर परत येऊन "मी चुकले कुठे?" विचारलेस. फ्रेगे यांनीही स्वतःला हाच प्रश्न विचारला होता. आपण मोठ्यांनीही तो बैठकीला येताना बरोबर आणावा.

विद्यार्थ्यांसाठी एक गृहपाठ: राशीच्या युक्तिवादात तुम्हाला चूक कोठे वाटते, ते दहा ओळींत मराठीत लिहून माझ्याकडे द्या. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.

आपली,
प्राचार्या